विमलअक्कांची सावड

कुणाला वाईट काही सांगायचं असेल तर आधी त्याला बसवावं, आणि चांगल्या खुर्चीवर बसवावं, असा विमलअक्कांचा नियम होता. लातूरच्या आमच्या हॉस्पिटलात कॅथलॅबला लागून एक खोली आहे. खोली कसली, पूर्वी तिथं सलाईनचे खोके ठेवायचे. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायला म्हणून ती रिकामी केली आणि दोन स्टुलं, एक टेबल टाकलं. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात डॉक्टर बिराजदारांची गादीची फिरती खुर्ची त्यांच्या केबिनमधून ढकलत तिथं आणली. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला बसायला येळ कुठं असतोय? ज्याच्या पायातलं बळ जाणार हाय, त्याला बसू द्या."

खेड्यातली म्हातारी माणसं त्या खुर्चीवर बसली की खुर्ची गरकन फिरायची आणि त्यांचं तोंड भिंतीकडं व्हायचं. मग अक्का समोरच्या स्टुलावर बसून आपला बूट खुर्चीच्या चाकावर रोवून ठेवायच्या. सुती साडी, वर पांढरा कोट, पायात पोरं पळायला घालतात तसले बूट. बोलणं संपेपर्यंत तो पाय चाकावरून हलायचा नाही.

मी त्या कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. अँजिओप्लास्टी चालू असताना पडद्यावरचे आकडे बघायचे आणि डॉक्टरांना मोठ्यानं सांगायचे, हे माझं काम. मी औशाचा, म्हणून अक्का मला औसेकर म्हणायच्या. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी फार बोलत नाही याचा त्यांना राग. "औसेकर, गावच्या किल्ल्यासारखं तोंड बंद करून नका बसू. आत शत्रू शिरून न्हाई राहिला," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

अक्का आता नाहीत. त्याच कॅथलॅबच्या टेबलावर त्या गेल्या, आणि त्या वेळी पडद्यावरचे आकडे मीच वाचत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगवत नेऊन शेवटी धक्का देणाऱ्यांचा अक्कांना फार तिटकारा होता. "पेशंटच्या माणसाला आधी मोठी गोष्ट सांगावी, मग बारीक," हे त्यांचंच म्हणणं.

त्या मूळच्या हिमायतनगरकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. नर्सिंग नांदेडला शिकल्या आणि नोकरीला लातूरला आल्या त्या इथंच राहिल्या. आमच्याकडं एका मशीनची चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टर बिराजदारांनी त्यांना वॉर्डातून उचलून त्या कामावर घेतलं. चाचणी अशी होती. काही पेशंटचं हृदय मुळातच थकलेलं असतं, त्यात नळ्या वाईट जागी तुंबलेल्या, आणि बायपासचं ऑपरेशन सोसायची ताकद नाही. अशांची अँजिओप्लास्टी करताना हृदय मधेच हात टेकेल अशी भीती असते. म्हणून मांडीतल्या नसेतून एक बारीक पंप हृदयात सरकवायचा. काम चालू असेपर्यंत तो रक्त पुढं ढकलतो, काम झालं की बाहेर काढायचा. ऐकायला झकास. पण त्यानं खरंच माणसं जास्त वाचतात का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मोठमोठ्या शहरांत आणि आमच्यासारख्या काही ठिकाणी मिळून ती चाचणी चालली होती. निम्म्या पेशंटना पंप लावायचा, निम्म्यांची अँजिओप्लास्टी नेहमीसारखी करायची. कुणाला लावायचा हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. डॉक्टरांच्या हातात नाही, पेशंटच्या नाही, अक्कांच्याही नाही.

हे सगळं पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना समजावून सांगायचं आणि त्यांची राजीखुशी विचारायची, हे अक्कांचं काम. 'काही होणार नाही' हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही. नातेवाईक ते ऐकायला आसुसलेले असायचे, आणि आम्ही बाकीचे ते ऊठसूट वाटत असायचो. अक्का मात्र सगळं सांगून झालं की एकच प्रश्न विचारायच्या.

"उद्या काई वंगाळ झालं, तर घरी बोल कुनाला लागंल?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार अभद्र वाटलं. चाकूरकडचे एक म्हातारबा आले होते. बरोबर जीपभर माणसं. अक्कांनी प्रश्न विचारला. मग एकेकाची नजर दाराकडं वळली. दाराबाहेर जावई उभे होते. सासऱ्याला या दवाखान्यात आणायचा हट्ट त्यांचा, जीपही त्यांची. मुलांच्या मनात सोलापूरला न्यायचं होतं.

"पाव्हणं, तुमी आत या. हितं बसा," म्हणत अक्कांनी जावयाला त्या खुर्चीवर बसवलं, चाकावर पाय रोवला आणि पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. मशीन लागली तर मांडीतून रक्त जाऊ शकतं, पाय निकामी होऊ शकतो. न लागली तर हृदय मधेच दमू शकतं. कोणतं बरं, हे आपल्याला ठाऊक नाही. "ठाव न्हाई, म्हणूनच तर करून राहिलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग मुलांकडं वळून म्हणाल्या, "पाव्हण्यांनी ऐकलं, तुमी बी ऐकलं. आता जे व्हईल ते सगळ्यांचं."

म्हातारबांना मशीन लागली. काम नीट झालं, पण मांडीतून रक्त गेलं, पाय काळानिळा पडला आणि ते बरेच दिवस आमच्याकडंच राहिले. घरी गेले ते पाय ओढत. पण जीपमध्ये पुढच्या सीटवर जावयाशेजारीच बसून गेले. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "जावायाचं काय न्हाय त्याच्यात. अक्कानं आधीच सांगितल्यालं." तेव्हा कुठं मला त्या प्रश्नाचं मोल कळलं. आमच्याकडं माणूस गेला की दुःख वाटून घेतात, पण दोष एकाच्याच पदरात टाकतात. आणि तो आयुष्यभर तिथंच राहतो.

हा प्रश्न कुठून शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "माज्या दादाकडून." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माधवराव. नवरा गेल्यावर विमलला नर्सिंगला पाठवायचं म्हटल्यावर भावकीत गहजब झाला होता. तरणी विधवा पोर, शहरात एकटी. तेव्हा माधवरावांनी वडिलांसमोर सांगितलं, "काई वंगाळ झालं तर बोल मला लावा." आणि बहिणीची ट्रंक डोक्यावर घेऊन ते नांदेडच्या बसमध्ये चढले. हे सांगताना अक्कांचा आवाज पोरीसारखा व्हायचा. माहेर म्हणजे त्यांना तेवढंच होतं, दादा आणि गयावहिनी. दरवर्षी तिकडून हळदीची पिशवी यायची आणि आम्हा सगळ्यांना पुडीपुडीनं वाटली जायची.

आता सावडीचं सांगतो.

पंप म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायचं कसं, याची सुरुवातीला पंचाईत होती. डॉक्टर पाटीवर चित्र काढायचे आणि माणसं चित्राऐवजी डॉक्टरांकडं बघत राहायची. एक दिवस अक्का म्हणाल्या, "तुमचा बैल येकटा हाय. रान तर नांगरायचंय. मंग तुमी काय करता? शेजारच्याचा बैल घेता. सावड करता. तसं हाय हे. दमलेल्या काळजाला मशीनची सावड." समोरच्या बाप्याचा चेहरा असा उजळला की बस. एका घरचा एक बैल, दुसऱ्या घरचा एक, आधी ह्याचं रान मग त्याचं. ज्यानं दोन्ही बैल कधीच विकून टाकलेत आणि ट्रॅक्टर सांगतो, त्यालाही सावड कळते. डॉक्टर बिराजदार तर खूश झाले. मशीनच्या कंपनीचा माणूस यायचा, त्यानं तो शब्द पोस्टरवर छापू का म्हणून विचारलं. अक्काही फुशारल्या होत्या. त्या दिवाळीला हिमायतनगरला गेल्या तेव्हा अंगणात बसून दादाला, वहिनीला, जमलेल्या आयाबायांना त्यांनी ही सावड रंगवून सांगितली.

पुढं माझ्या औशाचीच एक म्हातारी आली. सगळं ऐकलं, मान डोलावली, अंगठा दिला. कॉम्प्युटरनं सांगितलं, हिला मशीन नाही. म्हातारी उठली आणि गाठोडं बांधायला लागली.

"काय झालं मावशी?"

"माज्याच जिवाला सावड न्हाय व्हय? जन्मभर लोकाच्या रानात सावडीनं राबले मी. आन माजी बारी आली की बैल न्हाय म्हनता?" म्हातारी जी गेली ती गेली. किती विनवलं तरी थांबली नाही.

त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. डबा उघडून तसाच मिटला आणि थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही तिथंच होतो. "डॉक्टर, आजपासून मी सावड म्हननार न्हाई. शब्द लई गोड हाय, पर तो एका बाजूला वजन टाकतोय. सावड कधी वाईट असती का? सावड नको कोन म्हनंल? आपल्याला तर ठावच न्हाई मशीन बरी का बिनमशीन बरं. अन् मी त्यायला आधीच सांगून बसले की मशीन म्हंजे शेजारधर्म."

डॉक्टर म्हणाले, "अहो, पण समजतं ना लोकांना!"

"समजतं, पर चुकीचं समजतं."

त्यानंतर त्या नुसतं 'मशीन' म्हणायच्या, कोरडं, चव नसलेलं. पूर्वी एका दमात कळायचं ते आता तीन-तीनदा सांगावं लागे. पण पुन्हा त्या शब्दाच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. चांगला शब्द सापडला की आपण जन्मभर तो मिरवतो. हातातला असा शब्द टाकून देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पण हिमायतनगरच्या अंगणात तो सांगून झाला होता.

माधवरावांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांना आधी नांदेडला नेलं. हृदय फार कमजोर आहे, बायपास झेपणार नाही, असं तिथं सांगितलं. ते म्हणाले, "मंग मला लातूरला न्या. विमलची सावड हाय तिथं." आले ते हसत आले. वहिनी बरोबर होत्या, काठापदराच्या साडीत, हातात हळदीची पिशवी. नवरा आजारी असतानाही त्या पिशवी विसरल्या नव्हत्या.

आपल्या नात्यातल्या पेशंटशी त्या कामातल्या माणसानं बोलायचं नाही, असा नियम होता आणि तो बरोबरच होता. डॉक्टर बिराजदार स्वतः माधवरावांशी बोलले. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. अक्का बहीण म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंड मिटून बसल्या होत्या. गयावहिनी बाहेर बाकावर होत्या. पुरुषमाणूस आत बोलतंय, आपण कशाला, म्हणून त्या आल्या नाहीत आणि त्यांना कुणी बोलावलंही नाही. आमच्या खोलीत रोज विचारला जाणारा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. विचारणारी बाई नियमानं गप्प होती.

कॉम्प्युटरनं सांगितलं, मशीन नाही. माधवराव बहिणीकडं बघून हसले. "चालतंय विमल. येकटा बैल बी चालतोय की."

अँजिओप्लास्टी चांगली झाली. मी आकडे वाचत होतो, एकदाही माझा आवाज कापला नाही. वॉर्डात गेल्यावर माधवराव उठून बसले, पेज प्याले, बहिणीची चेष्टाही केली. आणि दोन-तीन दिवसांनी, घरी सोडायचं बोलणं चाललं असताना, हृदय एकाएकी थांबलं ते पुन्हा चालू झालं नाही. मशीन लावली असती तर हे टळलं असतं का? देवालाच ठाऊक. कदाचित त्यालाही नसेल.

गावाकडची माणसं जमली होती. भरल्या व्हरांड्यात गयावहिनी अक्कांसमोर उभ्या राहिल्या. रडत नव्हत्या. "विमलबाई, साऱ्या दुनियेला सावड वाटून राहिल्या तुमी. अन् ज्यानं तुमची ट्रंक डोक्यावर न्हेली, त्याच्या बारीला हात आखडला? माज्या जिवाचा तळतळाट तुम्हाला लागल्याबिगर राहनार न्हाई."

मी पुढं झालो. कॉम्प्युटर ठरवतो, अक्कांचा त्यात काही हात नाही, असं सांगणार होतो. अक्कांनी माझा दंड धरला. वहिनींना एवढंच म्हणाल्या, "वैनी, तुम्हाला आत बोलवाया पायजे होतं."

तेराव्याला त्या हिमायतनगरला गेल्या. आल्यागेल्याला आमच्याकडं आधी पाण्याचा तांब्या देतात, मग वैरी का असेना. अक्का ओसरीवर बसून राहिल्या. तांब्या काही आला नाही. तहानेल्याच उठल्या आणि बसस्टँडवर येऊन नळाला तोंड लावलं. हे त्यांनीच मला सांगितलं, डबा खाता खाता, भाकरीकडं बघत. हळदीची पिशवी त्यानंतर कधी आली नाही.

आम्हाला वाटलं, आता हे काम त्या सोडतील. डॉक्टरांनीही विचारलं. सोडलं नाही. तीच खोली, तीच खुर्ची, चाकावर तोच पाय. फक्त तो प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आधी त्या खाली बघायच्या. "औसेकर," एकदा म्हणाल्या, "मी साऱ्या जिल्ह्याला इचारलं. माज्या घरी इचारायला कुनी न्हाई भेटलं."

आमच्याकडचं चाचणीचं काम संपलं, मशीनचे खोके परत गेले. निकाल यायला वेळ होता. अजूनही तो आलेला नाही. अक्का निवृत्त झाल्या आणि वर्षभरात त्यांनाच धाप लागायला लागली. तपासलं तर भावासारखंच. हृदय थकलेलं, नळ्या वाईट जागी तुंबलेल्या. डॉक्टर बिराजदारांनी त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली तर हात वर करून म्हणाल्या, "मला काय सांगता? माज्या वैनीला बोलवा. तिला सांगायचंय."

त्यांच्या भाच्याला, माधवरावांच्या मुलाला, फोन केला. येतील असं मला वाटत नव्हतं. पण गयावहिनी आल्या. फार वाळल्या होत्या. अक्का दवाखान्याचा निळा झगा घालून स्टुलावर बसल्या होत्या. वहिनींना त्यांनी फिरत्या खुर्चीवर बसवलं. पायात बूट नव्हते. अनवाणी पाय त्यांनी चाकावर ठेवला.

"वैनी, त्या दिशी तुमी मला बोलल्या. साऱ्या गावानं ऐकलं. आता मी आत जाऊन राहिले. माजं काई वंगाळ झालं, तर लोक म्हनतील, गयाबाईचा तळतळाट लागला. मी गेल्यावर बोल तुम्हाला लागंल वैनी. जन्मभर. म्हनून तुम्हाला बोलवलं. माजं काळीज दादासारखंच हाय, आधीपासूनच. यात तुमचं काई न्हाई. भाच्या, तू बी ऐक. गावात सांग."

वहिनी पदराचं टोक पिळत राहिल्या. मग त्यांनी विचारलं. एवढी वर्षं गिळून ठेवलेलं असावं.

"खरं सांगा विमलबाई. ती सावड लागली असती, तर वाचले असते का हे?"

मी मनात म्हणत होतो, अक्का, नाही म्हणा. एकदाच म्हणा. तुम्हीही सुटाल, तीही सुटेल, कोण विचारायला येणार आहे?

"ठाव न्हाई, वैनी."

"खरंच?"

"आईची आन. खरंच ठाव न्हाई."

गयावहिनी उठल्या. पायाखाली दाबलेली खुर्ची हलली नाही. टेबलावर पाण्याची बाटली होती आणि स्टीलचा पेला. त्यांनी पेला भरला आणि नणंदेपुढं धरला.

अक्कांनी हात पुढं केला. आणि मी, गाढव, माझं काम केलं. "आता पाणी चालत नाही वहिनी. उपाशीपोटी आत न्यायचंय."

अक्कांनी पेल्याला नुसतं बोट लावलं. "ठेवा झाकून. भाहीर आल्यावर पिते."

आत जाताना दारात त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. वहिनींनी पेल्यावर बशी झाकली होती आणि तो मांडीवर दोन्ही हातांनी धरून त्या खुर्चीवर नीट बसल्या होत्या. अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "औसेकर, आज आकडे जरा मोठ्यानं वाचा. मला बी ऐकू द्या." मी वाचले. वाचता येण्यासारखे होते तोवर वाचले.

बाहेर येऊन डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा गावाकडून आलेला एक पाहुणा हळूच कुजबुजला, तळतळाट वाईट. भाच्यानं मान वर केली. पण त्याच्या आधी गयावहिनीच बोलल्या, "मला तिनं आत बोलवून सांगितलंय."

मग त्या पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडं गेलेल्याच्या मुखात पाणी घालतात, आणि ते घरच्यानंच घालायचं असतं. त्यांनी पेल्यावरची बशी काढली.

"आता चालतंय का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "चालतंय."